धारेची वेळ

बेकिनकेऱ्यात सांजचं डेअरीपुढं कॅनांची रांग लागली
की पुन्नाप्पा सायनेकर कट्ट्यावरून उठायचा,
एकेकाला विचारायचा, "समद्यांची धार झाली न्हवं?"
पोरं हसायची.
"झाली की ओ मामा, तुमच्या जर्मन गाईंचीबी झाली."

मी सोसायटीचा सेक्रेटरी. फॅट मोजणं माझं काम.
त्याच्या पेन्शनचे कागद मीच भरायचो,
म्हणून थोडं जास्त ठाऊक.

मराठा पलटणीचा शिपाई, वाळवंटात धरला गेला,
बोटीतून इटली, मालगाडीतून आणखी वर,
शेवटी एका शेतावर कैदी-गडी.
तिथं बटाटे मातीत पुरून ठेवतात, वर बर्फ.
मालकिणीचं नाव हेडविग.
नवरा लढाईवर. पोरं दोन. गाई अकरा.
"हूं गे, सर गे," तो त्यांना म्हणायचा.
आठवडाभरात अकराही जणी
बेळगावी बोलीत सरकायला शिकल्या.

मग पुसातल्या एका पहाटे उगवतीकडून आवाज.
"आदी वाटलं, गडगडूलालाय.
पर तसल्या गारठ्यात वळीव कुठला?"

दुपारपर्यंत रस्ता दिसेना.
गाडीमागं गाडी. पिसांच्या गाद्या, शिवणयंत्र,
भिंतीवरून काढलेलं घड्याळ, अजून चालणारं.
खुर्चीला दोरीनं बांधलेला एक म्हातारा.
एका बाईनं कडेवरचं लेकरू
खाली म्हणून ठेवलं नाही.
ठेवलं असतं तर तिला कळलं असतं.

रात्री हेडविगनंही घोडा जुंपला.
पोरांना तीन तीन सदरे घातले, एकावर एक.
दाराला कुलूप लावलं, पुन्हा काढलं.
मग गोठ्यात आली, बादली त्याच्या हातात दिली,
काहीतरी बोलली.
तो शब्द त्याला कधी लागला नाही.

दुसऱ्या दिवशी हंबरडा.
ह्या गोठ्यातून, पलीकडच्या, ओढ्यापल्याडच्या,
गावंच्या गावं, माणूस एक नाही,
आणि दगडासारख्या कासा.
पहारेकरीही पळालेला.
पुन्नाप्पा बसला. अकरा झाल्या,
मग शेजारच्या सात, मग मोजणं सोडलं.
भांडी संपली तेव्हा बर्फावरच सोडल्या धारा.
"वाफ निघूलालती बग, जमिनीतनं."
बोटं वाकडी झाली ती तिथंच.

तिसऱ्या दिवशी दुसरे शिपाई आले,
कैद्यांना हाकत मावळतीकडं घेऊन गेले,
त्याच रस्त्यानं, त्याच गाड्यांच्या मागं.
गाड्या बऱ्याच आडव्या पडलेल्या.
घड्याळ कुठं दिसलं नाही.

मी एकदा म्हटलं, मामा,
तिच्याच माणसांनी आधी किती घरं अशी रिकामी केली,
तुम्हांला कैदेत घातलं ते कुणी?
तो बराच वेळ काडीनं दात कोरत राहिला.
"मला म्हायत न्हाई व्हय?
पर गाईला कुठं म्हायत?"

तो वारल्यावर पेन्शनच्या फायलीत पाकीट मिळालं.
सन एकोणपन्नास. पत्ता हेडविगचा,
शाळेच्या मास्तरांकडून लिहून घेतलेला.
गावाच्या नावावर काट, वर तीन शिक्के,
तिन्ही वेगवेगळ्या भाषांत.
गाव असेल तिथंच. नाव काढून नेलं होतं.
(आमच्याही वेशीवरच्या पाटीला
गेल्या महिन्यात कुणीतरी डांबर फासलं.
बस चुकली नाही.)

पाकिटाच्या पाठीला पेन्सिलीनं दोन ओळी.
त्या कॅम्पातल्या चर्चच्या पाद्र्यानं
एका परदेशी बाईकडून वाचून घेतल्या होत्या,
मास्तरांनी खाली मराठीत उतरवल्या:
ह्या नावाची बाई इथं नाही. सगळ्यांना घालवलं.
आम्हीही घालवलेलेच, दुसरीकडून. गाय एक राहिलीय, लंगडी.

मास्तरांचा मुलगा सांगतो,
हे ऐकून पुन्नाप्पा एवढंच म्हणाला,
"लंगडी? तर ती तांबडी.
डावा, मागला पाय."
आणि उठला,
धारेची वेळ झाली होती.